अवंतीची इंग्रजीची वही

१६ सप्टेंबर २०२४, सोमवार

अवंतीच्या इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल आला. नऊपैकी पाच. वाचनात पाच, लेखनात पाच, बोलण्यात पाच, ऐकण्यात तेवढे साडेपाच. मी चष्मा पुसून दोनदा बघितलं. चौतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं मी, आणि माझ्याच सुनेला पाच! नाक कापलं की.

सात बॅन्ड हवेत, त्या परीक्षेत गुणांना बॅन्ड म्हणतात. कुणाल, आमचा एकुलता एक, दीड वर्षापासून कॅनडात आहे. त्याच्या कामाच्या परवान्याची मुदत मार्चअखेर संपते, आणि तिथे कायमचं राहायचं तर अर्जात बायकोच्या इंग्रजीचेही गुण धरतात. अवंतीचा व्हिसा जुलैतच आलाय. पण कुणालचं म्हणणं, आधी सात आण, मग तिकीट काढतो. सगळं घोडं त्या एका सातावर अडलंय.

मला कळत नाही ते वेगळंच. ही मुलगी बी.एस्सी.ला पहिल्या वर्गात आली, दोन वर्षं औषधाच्या कंपनीत प्रयोगशाळा सांभाळली. कुणाचा इंग्रजीत फोन आला तर फाडफाड बोलते. मग परीक्षेतच दातखीळ कशी बसते? विचारलं तर म्हणाली, "सुचलंच नाही, आई." चेहऱ्यावर दुःख म्हणाल तर तेही नाही. निकाल दाखवला आणि गवार निवडायला बसली.

हेरंबराव (आमचे हे, नाव लिहिलं म्हणून आकाश कोसळत नाही) पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "बरं झालं. एवढी काय घाई आहे?" बरं झालं म्हणे! रिफायनरीत उभा जन्म काढला, पण या माणसाला कशाची म्हणून आच नाही.

२२ सप्टेंबर, रविवार

निजामपुऱ्यात जाऊन आले. तिथे माझा जुना विद्यार्थी मयंक परदेशी जाणाऱ्यांचे इंग्रजीचे वर्ग चालवतो. माझी पेटी बरोबर नेली होती. पेटी म्हणजे मिठाईचे चार खोके आणि त्यात माझी तीस वर्षांची कार्डं. आलेल्या लग्नपत्रिका मी कधी टाकल्या नाहीत. बडोद्यात पत्रिका जाडजूड असतात, पाठ कोरी असते. चार तुकडे करायचे आणि एकेका तुकड्यावर इंग्रजीतली एक शब्दांची जोडी लिहायची, मराठीत एकच वाटणारी पण इंग्रजीत दोन असलेली. कुठला शब्द कुठे चालतो, कुठे नाही, खाली उदाहरण. तीनशे बारा जोड्या झाल्यात. कधीतरी पुस्तक करायचं मनात आहे.

मयंकने उभं राहून नमस्कार केला, चहा मागवला, दोन कार्डं उलटीपालटी केली, आणि म्हणाला, "बेन, तमे तो ग्रेट छो. पण हवे बधुं मोबाइलमां छे." झालं. आता सगळं मोबाइलमध्येच म्हणे. पेटी उचलली आणि रिक्षा केली. रिक्षात डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला लिहू?

अकोट्याला घरी येईपर्यंत ठरवून टाकलं होतं. अवंतीला मीच शिकवणार. दोनशे पानी वही आणली. तिने रोज एक जोडी घेऊन पानभर लिहायचं, मी तांबड्या शाईने तपासायचं, आणि तिचं चांगलं वाक्य असेल ते कार्डावर उदाहरण म्हणून उतरवायचं. बघू दे त्या मयंकला. निवृत्तीनंतर दहा वर्षांनी कुणालातरी माझी गरज पडली आहे.

३० सप्टेंबर, सोमवार

आज 'हिअर' आणि 'लिसन'. हिअर म्हणजे कानावर पडणं, आपलं काही चालत नाही त्यात. लिसन म्हणजे मुद्दाम कान देणं. समजावून दिलं आणि विषय दिला, लक्षात राहिलेला एक आवाज.

तिने स्कूटर स्टँडला लावल्याचा आवाज लिहिला. इथेच बडोद्यात, मांजलपूरला, लग्नानंतर पहिलं वर्ष त्यांचं वेगळं बिऱ्हाड होतं, तिथला. संध्याकाळी खाली स्कूटर स्टँडला लागली की तो आवाज ती 'हिअर' करते, आणि मग जिन्यावरची पावलं 'लिसन' करते, आज कशी पडताहेत ते कळायला. दोन्ही शब्द जिथल्या तिथे! तीस वर्षांत मला स्वतःला इतकं नेमकं उदाहरण सुचलं नाही. समासात दोन तारे काढले आणि लगेच कार्डावर उतरवलं.

नवऱ्याच्या पावलांची इतकी ओढ. वाचून बरं वाटलं.

६ ऑक्टोबर, रविवार

नवरात्र चालू आहे. समोरच्या मैदानात गरबा, सगळ्या पोरी नटूनथटून चालल्या आहेत. अवंतीला म्हटलं, जा की. "मनगट दुखतं, आई, टाळ्या नाही वाजवता येत." मांजलपूरला न्हाणीघरात पडून मोडलं होतं, ते अजून दुखतं. तेव्हा हेरंबराव तिला हाडांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले होते, मला जुन्या शाळेच्या माजी शिक्षकांच्या कार्यक्रमातून निघता आलं नव्हतं.

तर त्यावरूनच 'फॉल' आणि 'ड्रॉप' घेतले. फॉल म्हणजे आपसूक पडणं. ड्रॉप म्हणजे कुणीतरी पाडणं, मग कर्ता दुसरा.

तिने विचारलं, "दुसऱ्याला कर्ता करता येतं, आई?"

"मग! व्याकरणात सगळं करता येतं."

हसली. फार दिवसांनी हसली. वहीत मात्र एकच वाक्य, तिचं मनगट 'फॉल'ने मोडलेलं नाही. मी खाली लिहिलं, वाक्य अपुरं आहे, कर्ता लिही.

काल 'लुक' आणि 'वॉच' मध्ये वाद झाला. ती नवऱ्याचे हात 'वॉच' करते, असं तिने लिहिलं. म्हटलं, अगं, वॉच म्हणजे हलत्या गोष्टीवर, आता काय होईल म्हणून नजर ठेवणं. हातांकडे 'लुक' करायचं. तर म्हणे, "नाही आई, वॉचच." कधी उलट बोलत नाही ही मुलगी, पण अडून बसली. शेवटी मी नुसतं प्रश्नचिन्ह केलं.

१९ ऑक्टोबर, शनिवार

आज घरात रामायण. परीक्षेला बसायला पासपोर्ट लागतो आणि पासपोर्ट सापडत नाही! नोव्हेंबरची तारीख घ्यायची तर नंबर हवा. कपाट उपसलं, गाद्या उलट्या केल्या. अवंती शांत. हेरंबरावांनाच तर मी कागदपत्रं सांभाळायला दिली होती. "असेल कुठेतरी," म्हणतात आणि ढेकर देतात. असं डोकं फिरलं माझं! दोन दिवस बोलणार नाही त्यांच्याशी.

कुणालला सांगितलं तर तो फोनवर अवंतीवर ओरडला. बाहेरच्या खोलीत मला ऐकू आलं, "आईलाही बनवतेस तू. मुद्दाम करतेस." थकतो पोरगा. एकटा राहतो, रात्रपाळ्या करतो. लहानपणीही चिडला की हाताला येईल ते फेकायचा, पण दहा मिनिटांत येऊन गळ्यात पडायचा. रागीट माणसं मनाने निर्मळ असतात.

२ नोव्हेंबर, शनिवार

पाडवा. सापडला! कुठे, तर देव्हाऱ्यात, देवांच्या चौरंगाच्या खाली, लाल फडक्यात गुंडाळलेला. काखेत कळसा आणि गावाला वळसा. दिवाळीसाठी देव घासायला काढले म्हणून दिसला, नाहीतर जन्मभर बसले असते शोधत. फडक्याची गाठ मात्र हेरंबरावांची, त्यांच्यासारखी दुहेरी गाठ दुसरं कुणी मारत नाही. विसरभोळेपणाची हद्द आहे.

मी नाचतच दाखवायला गेले. हेरंबराव पासपोर्टकडे बघत राहिले. म्हणाले, "सरोज, पोरीला विचारलंस का कधी, जायचंय का तिला?"

म्हटलं, "नवऱ्याकडे जायला कुणाला नको असतं?"

ते उठून गॅलरीत गेले. पाडव्याची ओवाळणीसुद्धा अवंतीने आठवण केली तेव्हा घातली.

आज तिने 'विश' आणि 'होप' लिहिलं. होप म्हणजे होऊ शकेल त्याची आशा. विश म्हणजे होणार नाही ठाऊक असून वाटणं, आणि पुढे क्रियापद भूतकाळी. तिचं वाक्य असं, तुम्ही मला एकदा विचारलं असतंत तर. विशच्या पुढे भूतकाळ बरोबर घातला! तारा.

१० नोव्हेंबर, रविवार

परीक्षेला तेरा दिवस. आज मोठा निबंध दिला होता, एका खोलीचं वर्णन. चार पानं लिहिलीत तिने! एवढं कधी लिहीत नाही.

"मी" न म्हणता "एक बाई" म्हणून लिहिलंय. बाई न्हाणीघरात आतून कडी लावून उलट्या बादलीवर बसली आहे. बाहेरून दार वाजतंय. शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून तिने नळ सोडलाय. ती भिंतीच्या फरशा मोजते, एकशे बारा भरतात. हाताची बोटं वळत नाहीत. मग दार वाजायचं थांबतं आणि बाहेर फोन वाजतो. नवरा दाराच्या फटीतून फोन आत सरकवतो. फोनवर सासू विचारते, जेवणं झाली का. बाई म्हणते, हो, आज कढी केली होती.

मी क्षणभर थबकले. मांजलपूरला मीसुद्धा रोज सातला फोन करायची. मग वाटलं, छे, लिहिणारा हाताशी असेल तेच उचलतो. मोबाइलवर नाही नाही त्या मालिका बघते, त्यातलं असणार. 'क्लोज', 'शट' आणि 'लॉक' हे तिन्ही शब्द जागच्या जागी पडलेत. आर्टिकलच्या दोन चुका, एक स्वल्पविराम. खाली लिहिलं, उत्तम कल्पनाशक्ती, सात बॅन्ड.

वही परत दिली तेव्हा ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"आई, वाचलंत?"

"वाचलं म्हणजे काय, ओळ न् ओळ वाचली."

"मग?"

"मग काय! असंच लिहिलंस तर सात कुठे गेले नाहीत."

तिने वही उघडली, तांबडी शाई बघितली, पान संपेपर्यंत बघितली. "बरं," म्हणाली. आणि कुकर लावायला गेली.

१७ नोव्हेंबर, रविवार

काय बदल झालाय पोरीत! आठवडाभर पहाटे उठून अभ्यास. रोज दोन दोन निबंध, प्रदूषण, पर्यटन, मोबाइलचे फायदे-तोटे. एक चूक नाही. उदाहरण म्हणून घ्यावं असंही काही नाही, पण चूक नाही. पालथ्या घड्यावर पाणी वाटत होतं, तर घडा भरला.

माझ्याशी मात्र कमी बोलते. परीक्षेचं दडपण असणार.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

आठ! सगळ्यांत आठ! देवापुढे साखर ठेवली आणि पहिला फोन कुणालला, दुसरा मयंकला. मयंक म्हणाला, "बेन, तमारा कार्ड लई आवो, आपणे छापीशुं." म्हणजे माझं पुस्तक छापायला तयार झाला. वर्गाच्या जाहिरातीला अवंतीचा फोटोही मागितला. मी लग्नातला दिला.

अवंतीला मिठी मारली. लाकडासारखी उभी होती. माहेर असं तिला नाहीच. आई लहानपणीच गेली, वडिलांनी दुसरं घर केलं. म्हणून मी म्हटलं, "मीच तुझी आई ना?" तर म्हणाली, "हो. म्हणूनच."

त्याचा अर्थ काही मला नीट लागला नाही.

२० डिसेंबर, शुक्रवार

गेली. अहमदाबादला विमानतळावर हेरंबराव एकटेच सोडायला गेले, माझे गुडघे. निघताना वाकून नमस्कार केला. वही मागे ठेवली, टेबलावर, मध्यभागी. "पुस्तकाला लागेल तुम्हाला," म्हणाली.

हेरंबराव संध्याकाळी परतले ते कपडे न बदलता झोपले. जेवले नाहीत.

१४ जानेवारी २०२५, मंगळवार

उत्तरायण. गच्चीवर सगळी सोसायटी, पतंग कटला की "काप्यो छे" म्हणून नुसता कल्ला. मी तिळगूळ घेऊन फोन लावला. कुणालच दिसतो, अवंती मागे कुठेतरी. तिचा फोन बिघडलाय म्हणे, महिना होत आला. तिचे निरोप येतात ते त्याच्या फोनवरून, आणि इंग्रजीत. सगळं छान आहे, थंडी आहे, काळजी करू नका. शुद्ध, व्याकरणात बोट ठेवायला जागा नाही. इथे असताना मला कधी इंग्रजीत निरोप पाठवायची नाही ती.

आज तिला विचारलं, मनगट कसं आहे? कुणालनेच सांगितलं, "ठीक आहे गं."

२ फेब्रुवारी, रविवार

निजामपुऱ्याच्या चौकात अवंतीचा फोटो लागलाय, हातभर फलकावर. शालू, नथ, आणि बाजूला भला मोठा आठ. मला वाटलं होतं अभिमान वाटेल. रिक्षावाल्याला थांबवलं, बघितलं, आणि कसंसंच झालं. फोटोत ती कॅमेऱ्याकडे बघत नाहीये. शेजारी कुणाल होता, त्याला कापून काढलाय, पण त्याचा हात राहिलाय तिच्या खांद्यावर. ती त्या हाताकडे बघतेय.

वॉच. माझ्याच मनात शब्द आला.

९ फेब्रुवारी, रविवार

सकाळी पुस्तकाला बसले. वहीतली तिची वाक्यं कार्डांवर उतरवायची राहिली होती. तांबडं पेन मुद्दाम ड्रॉवरमध्ये ठेवलं. नुसतं तिचं निळं अक्षर उतरवत गेले. एका कार्डावर एक वाक्य. वाळायला म्हणून पलंगावर ओळीने मांडली.

आणि मग ती ओळीने वाचली.

मला स्कूटरचा आवाज येतो, मग मी पावलांना कान देते. मी त्याच्या हातांवर नजर ठेवते. माझं मनगट पडून मोडलेलं नाही. मला सांगायचं आहे, यावर मीच लिहिलं होतं, 'टेल' ला माणूस लागतो, कुणाला सांगायचं? दुसऱ्या दिवशी तिने त्याखाली लिहिलं होतं, तुम्हाला. मी शाबास लिहिलं. तुम्ही मला एकदा विचारलं असतंत तर. शेवटी बादलीवर बसलेली बाई, कढी, आणि माझा फोन.

ती सांगत होती गं बाई. दोन महिने रोज एक पान सांगत होती, आणि मी स्वल्पविराम शोधत होते. ती मुद्दाम नापास झाली होती. एवढंच एक दार होतं तिच्यापाशी, आणि ते मी शिकवून शिकवून बंद केलं.

माझ्या पोटचा. ज्याला मी घास भरवले.

हेरंबराव दारात येऊन उभे होते. किती वेळ, ठाऊक नाही. मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"हाडांच्या डॉक्टरने बाजूला घेऊन सांगितलं होतं. पडून असं मोडत नाही म्हणाला."

"आणि तुम्ही मला बोलला नाहीत? तीन वर्षं?"

"आपलेच दात, आपलेच ओठ. जीभ उचलली नाही माझी. पासपोर्ट लपवला, तेवढंच जमलं." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आणि तू रोज वही वाचत होतीस, सरोज. मला वाटलं, तुला कळलंय. कळूनच पाठवते आहेस."

तिलाही तेच वाटलं असणार. "वाचलंत?" विचारलं होतं तिने. ओळ न् ओळ, म्हणाले मी.

१० फेब्रुवारी, सोमवार

फोन लावला. तिथे सकाळ होती. कुणालने उचलला. म्हटलं, अवंतीला दे, तिच्याशी बोलायचंय. "बोल ना, स्पीकरवर आहे," म्हणाला. ती पडद्यावर आली, खांद्यापासून वर. इथे बांधायची तसे केस वर बांधले नव्हते, दोन्ही गालांवर सोडले होते. मोबाइल त्याच्या हातात.

काल दिवसभर मनात वाक्यं घोळवली होती. कुणाल, तिला हात लावलास तर. अवंती, निघ तिथून, मी तिकीट पाठवते. तोंड उघडलं आणि त्याचा चेहरा समोर. हुबेहूब माझं नाक, माझी हनुवटी. एवढंच बाहेर पडलं, "अवंती, मी वही वाचली गं. आत्ता वाचली."

ती मग म्हणाली, "तेव्हाच वाचली होतीत ना, आई. सात बॅन्ड दिले होतेत."

"काय वाचलं?" कुणालने विचारलं.

"इंग्रजीची वही," ती म्हणाली.

तो हसला. "आई, तू पण ना! अजून मास्तरीणच." मग पडद्यावर नुसतं छत दिसायला लागलं. "ठेवू का? मला कामावर जायचंय."

मी हो म्हणाले.